एमबीआर प्लँटची मेम्ब्रेन चोक होते तेव्हा: आधी निदान, मग धुलाई

एमबीआर एसटीपीत, म्हणजे मेम्ब्रेनमधून पाणी गाळून घेणाऱ्या सांडपाणी प्लँटमध्ये, परमिएट (मेम्ब्रेनमधून गाळून आलेलं पाणी) कमी यायला लागलं की बहुतेक ठिकाणी पहिला निरोप जातो तो ‘सीआयपी मारा’, म्हणजे मेम्ब्रेन रसायनाने धुवा, असाच. हायपोमध्ये (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण) भिजवलेली मेम्ब्रेन दोन-चार आठवडे बरी चालते, व्हॅक्यूम पुन्हा चढतो आणि पुन्हा हायपो. पण फायबरमध्ये केस गुंतले असतील तर हायपो त्यांना काहीच करत नाही. क्षाराचा थर असेल तर हायपोमुळे पीएच चढतो आणि थर वाढूही शकतो. शिवाय प्रत्येक धुलाईत क्लोरीन मेम्ब्रेनचं थोडं आयुष्य खातं. म्हणून रसायनाच्या कॅनला हात लावण्याआधी काय चोक झालंय आणि कशामुळे, हे शोधायचं. ते शोधायला लागणारी साधनं कोणत्याही प्लँटवर असतात किंवा किरकोळ खर्चात येतात.

हा मजकूर सोसायट्या, हॉटेलं, हॉस्पिटलं यांच्या साधारण ५० ते ५०० केएलडीच्या, म्हणजे दिवसाला तितके हजार लिटर पाणी घेणाऱ्या, प्लँटसाठी आहे. मेम्ब्रेन टाकीत बुडवलेली, मग ती होलो फायबर (पोकळ तंतूंची) असो वा फ्लॅट शीट (सपाट पानांची). इथले आकडे नेहमीच्या घरगुती सांडपाण्याचे आहेत. दाब, पीएच आणि क्लोरीन यांच्या मर्यादा मात्र तुमच्या मेम्ब्रेनच्या मॅन्युअलमध्ये असतील त्याच अंतिम मानायच्या.

टीएमपी म्हणजे गेजवरचा आकडा नव्हे

टीएमपी म्हणजे मेम्ब्रेनच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. परमिएट लाइनवरचं व्हॅक्यूम गेज मेम्ब्रेनचा अडथळा आणि टाकीतल्या पाण्याची पातळी या दोन्हींची बेरीज दाखवतं. गेज पाण्याच्या पातळीच्या दीड मीटर वर बसवलेलं असेल, तर पंप बंद असतानाही भरलेल्या लाइनमध्ये ते सुमारे १५ किलोपास्कल व्हॅक्यूम दाखवणार. पंप चालू असताना ३० दिसलं, तर खरा टीएमपी ३० वजा १५, म्हणजे १५. बेसमेंटमधल्या प्लँटमध्ये उलटं होतं. तिथे पंपरूम टाकीच्या शेजारी, खालच्या अंगाला असते. गेज पातळीच्या एक मीटर खाली असेल तर बंद असताना ते अधिक १० दाखवतं. चालू असताना उणे ५ दिसलं तरी टीएमपी १५च. त्या गेजवर ‘शून्य’ दिसतंय म्हणजे मेम्ब्रेन स्वच्छ, असं समजू नका. अशा जागी व्हॅक्यूम आणि प्रेशर दोन्ही दाखवणारं कंपाउंड गेजच हवं.

पद्धत सोपी आहे. पंपाच्या चालू-बंद सायकलमधल्या रिलॅक्सच्या वेळी, पंप थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने एक रीडिंग घ्यायचं. पंप सुरू होऊन तीन-चार मिनिटं झाली की दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे टीएमपी. रिलॅक्समध्ये लाइन रिकामी होत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय किंवा कुठून तरी हवा आत येते आहे. तो दोष आधी काढा, नाहीतर रीडिंगला काही अर्थ राहत नाही. गेज मिलिमीटर पाऱ्यात असेल तर १०० मिलिमीटर म्हणजे १३.३ किलोपास्कल.

नुसत्या टीएमपीवरूनही निर्णय होत नाही, कारण प्रवाह कमी केला की तो आपोआप उतरतो. पर्मिएबिलिटी, म्हणजे दर बार दाबाला मेम्ब्रेनमधून किती पाणी जातं ते, काढायला हवी. २५० केएलडीचा प्लँट घ्या. परमिएट पंप दिवसाचे २० तास चालतो, म्हणजे तासाला सरासरी १२.५ घनमीटर. ९ मिनिटं चालू, १ मिनिट बंद अशी सायकल असेल तर पंप चालू असताना प्रत्यक्ष प्रवाह १३.९ घनमीटर. मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर असेल तर फ्लक्स १५.४ एलएमएच, म्हणजे दर चौरस मीटरमधून तासाला १५.४ लिटर. टीएमपी १५ किलोपास्कल म्हणजे ०.१५ बार. १५.४ भागिले ०.१५, पर्मिएबिलिटी आली १०३.

आता तापमान. थंड पाणी घट्ट असतं. गाळमिश्रित पाणी ३० अंशांवरून २२ अंशांवर आलं की पाण्याची चिकटता सुमारे २० टक्क्यांनी वाढते, आणि मेम्ब्रेन जशी होती तशीच असूनही टीएमपी तेवढाच चढतो. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात ‘मेम्ब्रेन खराब झाली’ अशी ओरड होते, तिच्यातला काही भाग एवढाच असतो. म्हणून आकडा २० अंशांवर आणून लिहायचा: तापमान २० च्या वर जितके अंश असेल तितक्या वेळा १.०२५ ने भागायचं. २८ अंशांना हा गुणक साधारण ०.८२ होतो, म्हणजे वरचे १०३ खरे ८४. नवी मेम्ब्रेन बसवल्यावर पहिल्या महिन्यातला स्थिर आकडा लॉगबुकच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना त्याच्याशीच करायची आहे.

चढ कसा आहे, ते बघा

रोज एकाच वेळेला, एकाच फ्लक्सला घेतलेली रीडिंग कागदावर मांडली की चोकअपचा प्रकार बऱ्यापैकी उघड होतो.

पहिला प्रश्न: सगळ्या ट्रेनचा (ट्रेन म्हणजे स्वतंत्रपणे बंद करता येणारा मेम्ब्रेनचा गट) टीएमपी चढलाय की एकाच ट्रेनचा? सगळ्या एकदम चढल्या तर दोष गाळात आहे, कारण गाळ सगळ्यांना सारखाच मिळतो. एकच चढली तर त्या ट्रेनची हवा, केस, तुंबलेला गाळ किंवा व्हॉल्व्ह तपासा. एकच ट्रेन असेल तर ही तुलना करता येत नाही, मग पुढच्या दोन चाचण्यांवर भर द्या.

दुसरा प्रश्न: किती वेगाने? काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उडी मारली असेल तर ब्लोअर, फ्लक्स, अचानक आलेलं तेल किंवा बिघडलेला गाळ यांपैकी काहीतरी आहे. आठवड्याला एक-दोन किलोपास्कलने हळूहळू चढत असेल आणि साप्ताहिक धुलाईने बरंचसं उतरत असेल तर ते नेहमीचं सेंद्रिय फाउलिंग (मळ बसून चोक होणं), त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हायपो देऊनही उतरत नसेल तर क्षार किंवा तुंबलेले फायबर.

तिसरी चाचणी विश्रांतीची. परमिएट पंप तासभर बंद ठेवा, मेम्ब्रेनची हवा चालू ठेवा आणि मग पूर्वीच्याच फ्लक्सला सुरू करा. टीएमपी चांगला उतरला तर वरवर बसलेला केक, म्हणजे गाळाचा थर, आहे. त्याला रसायन नको, हवा आणि फ्लक्स सुधारा. काहीच उतरला नाही तर अडथळा छिद्रांच्या आत आहे, क्षार आहे किंवा मॉड्यूलमध्ये, म्हणजे मेम्ब्रेनच्या संचात, गाळ ठासून बसला आहे.

गाळाची फिल्टर पेपर चाचणी

ही चाचणी प्रत्येक ऑपरेटरला यायलाच हवी. मेम्ब्रेन टाकीतून गाळमिश्रित पाण्याचा ताजा नमुना घ्या. घडी घातलेला फिल्टर पेपर फनेलमध्ये बसवून पाण्याने ओला करा आणि निथळू द्या. फनेलखाली मोजपात्र ठेवा, पेपरवर ५० मिली नमुना ओता आणि बरोबर ५ मिनिटांनी खाली किती पाणी आलं ते बघा. १० मिली किंवा जास्त आलं तर गाळ चांगला. ५ मिलीच्या खाली गेलं तर मेम्ब्रेनवर संकट येऊ घातलंय, मग टीएमपी अजून शांत असला तरीही. पेपर कायम एकाच ग्रेडचा वापरा, नाहीतर मागच्या आठवड्याशी तुलना करता येणार नाही.

टीएमपी चढायच्या आधी सावध करणारी इतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही, आणि तरीही ती फार कमी ठिकाणी होते. आठवड्यातून दोनदा केली तरी पुरे.

गाळ नीट गळत नसेल तर त्याचं कारण असं. जिवाणू तणावाखाली आले की चिकट पॉलिसॅकराइड आणि प्रथिनं पाण्यात सोडतात. ती इतकी बारीक असतात की फ्लॉकला (जिवाणूंच्या गुठळ्यांना) चिकटून राहत नाहीत, सरळ मेम्ब्रेनच्या छिद्रांशी जाऊन जेलीसारखा थर करतात. तणावाची कारणं मोजकीच असतात: एअरेशन टाकीत (जिवाणूंना हवा देतात त्या टाकीत) डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलेला, फिनाइल, ॲसिड, ब्लीच एकदम जास्त आलेलं, गाळ फार कोवळा, म्हणजे वेस्टिंग (जादा गाळ बाहेर काढणं) नको तितकं, किंवा लोड फार कमी आणि जिवाणू उपाशी. सणासुदीला सोसायटीतले निम्मे लोक गावी जातात तेव्हा ही शेवटची स्थिती येते, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी साफसफाई चाललेली असल्याने ॲसिडही आलेलं असतं.

इलाज सावकाश करायचा असतो. फ्लक्स २० ते ३० टक्क्यांनी कमी करा, डीओ १.५ ते २.५ मध्ये आणा, चार-पाच दिवस थांबा, चाचणी पुन्हा करा. विषारी झटका मोठा असेल तर दुसऱ्या चांगल्या प्लँटमधून बियाणं म्हणून गाळ आणा, पण तो बारीक जाळीतून गाळल्याशिवाय टाकीत सोडू नका. बाहेरच्या गाळातून आलेला कचरा पुढे वर्षभर छळतो.

एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या पाण्यातलं गाळाचं प्रमाण, ८,००० ते १२,००० मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये ठेवा. १५,००० च्या वर पाणी इतकं घट्ट होतं की बुडबुडे फायबर हलवू शकत नाहीत. ५,००० च्या खालीही धोका असतो: फ्लॉक कमी, विरघळलेला मळ जास्त, आणि तो थेट मेम्ब्रेनवर बसतो. म्हणूनच नवा प्लँट सुरू करताना पहिले काही आठवडे निम्म्या फ्लक्सवर चालवायचा. वेस्टिंगचा हिशेब सरळ आहे. एअरेशन आणि मेम्ब्रेन टाकी मिळून १०० घनमीटर असेल आणि गाळाचं वय २० दिवस हवं असेल तर रोज ५ घनमीटर काढा. आठवडाभर काही न काढता रविवारी एकदम ३५ घनमीटर काढणं म्हणजे जिवाणूंना दर आठवड्याला धक्का देणं.

परतीचा गाळ

ही बाब बऱ्याच प्लँटमध्ये कोणाच्या लक्षातच येत नाही. मेम्ब्रेन टाकीतून स्वच्छ पाणी ओढलं जातं, गाळ मागे राहतो. तो एअरेशनकडे परत पाठवला नाही तर मेम्ब्रेनभोवती दाट होत जातो. मेम्ब्रेन टाकीत परमिएटच्या चौपट पाणी येत असेल आणि तिप्पट परत जात असेल, तर एअरेशनमधले ९,००० तिथे १२,००० होतात. रिसर्क्युलेशन पंप झिजला, गाळणी अडली आणि आत येणारं पाणी परमिएटच्या दुप्पटच राहिलं, तर तेच ९,००० तिथे १८,००० होतात. एअरेशनचा एमएलएसएस रिपोर्टमध्ये छान दिसतो आणि मेम्ब्रेन चिखलात बसलेली असते. म्हणून नमुना दोन्ही टाक्यांमधून घ्या. मेम्ब्रेन टाकीचा आकडा दीडपटीपेक्षा जास्त असेल तर आधी पंप बघा.

हवा

मेम्ब्रेनची हवा जिवाणूंसाठी नसते, झाडण्यासाठी असते. मोठे बुडबुडे वर जाताना फायबर हलवतात, प्लेटवरचा केक खरवडतात. हवेशिवाय परमिएट पंप चालता कामा नये. ब्लोअर बंद पडला की पंप आपोआप बंद झाला पाहिजे. हा इंटरलॉक कित्येक पॅनेलमध्ये बायपास केलेला सापडतो. दर महिन्याला ब्लोअर मुद्दाम बंद करून पंप थांबतो का ते बघा.

टाकीवर उभं राहून पाण्याचा पृष्ठभाग बघा. उकळी सगळ्या मॉड्यूलवर सारखी हवी. एका कोपऱ्यात पाणी शांत असेल तर त्याखालचा डिफ्यूझर (हवा सोडणारी भोकांची नळी) तुंबलाय आणि त्या कोपऱ्यातल्या मेम्ब्रेनमध्ये गाळ बसायला लागलाय. तिथे बंद पडलेल्या क्षेत्रफळाचा भार उरलेल्या मेम्ब्रेनवर जातो, त्यांचा प्रत्यक्ष फ्लक्स वाढतो आणि मग त्याही चोक होतात. टीएमपी अचानक उडी मारतो त्यामागे बऱ्याचदा ही साखळी असते.

ब्लोअरचं प्रेशर गेज बघत जा. डिफ्यूझर ३ मीटर पाण्याखाली असेल तर नुसत्या पाण्याचाच दाब सुमारे ३० किलोपास्कल. नेहमीच्या आकड्यापेक्षा ५ किलोपास्कल वर गेलं तर डिफ्यूझर तुंबताहेत, खाली आलं तर हवेच्या लाइनचा हेडर फुटलाय, बेल्ट घसरतोय किंवा एअर फिल्टर भरलाय. फ्लॅट शीट युनिटच्या डिफ्यूझरला फ्लशिंग व्हॉल्व्ह असतो. रोज एक-दोन मिनिटं, ब्लोअर चालू असतानाच तो उघडायचा. त्या वेळी टाकीतलं पाणी डिफ्यूझरच्या भोकांतून उलटं आत शिरतं आणि सुकलेला गाळ घेऊन बाहेर पडतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं की सहा महिन्यांनी युनिट उचलावं लागतं.

केस आणि धागे

होलो फायबरला १ ते २ मिलिमीटर भोकांची स्क्रीन लागते, फ्लॅट शीटला २ ते ३ मिलिमीटर. स्क्रीन गोल भोकांची हवी. उभ्या फटींच्या स्क्रीनमधून केस आडवे होऊन सहज निघून जातात. मोठ्या पावसात पाणी तुंबतं म्हणून स्क्रीनचं बायपास गेट उघडलं जातं आणि मग ते उघडंच राहतं. त्या गेटला कुलूप लावा, चावी सुपरवायझरकडे द्या.

स्क्रीन चांगली असली तरी बारीक तंतू आत येतातच, आणि एअरेशनच्या घुसळणीत एकमेकांत गुंफून वेण्या तयार होतात. महिन्यातून एकदा २ लिटर गाळमिश्रित पाणी १ मिलिमीटरच्या चाळणीवर ओता, वरून हळू पाणी सोडा आणि काय उरतं ते बघा. चार-दोन तंतू चालतील. लोकरीचा गोळा उरत असेल तर मेम्ब्रेनच्या वरच्या टोकाला, जिथे फायबर हेडरमध्ये शिरतात, तिथे वेण्या अडकलेल्याच असणार.

त्या काढायच्या तर मॉड्यूल उचलावंच लागतं. परमिएट आणि हवेच्या लाइन सोडवा, चेन ब्लॉकने सरळ वर घ्या, तिरकं ओढू नका. साध्या नळीने, १ ते २ बार दाबाच्या पाण्याने, वरून खाली धुवा. गाड्या धुवायचा जेट मेम्ब्रेनवर कधीही मारायचा नाही, त्याने फायबर सोलून निघतात. वेण्या हाताने, रबरी हातमोजे घालून, थोड्याथोड्या सोडवा. ओढून तोडू नका, केसाबरोबर फायबर तुटतो. फ्लॅट शीटमधला घट्ट गाळ प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने सैल करा, लोखंडी पट्टीने नाही. या सगळ्या वेळात मेम्ब्रेन ओली राहिली पाहिजे. उन्हात सुकली तर छिद्रं मिटतात आणि पर्मिएबिलिटी पहिल्यासारखी होत नाही. ओलं गोणपाट अंगावर टाकून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पाणी मारा.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. उतरणं टळतच नसेल तर आधी टाकी रिकामी करून हवा खेळवा, गॅस मीटरने हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन तपासा, हार्नेस, दोरी आणि वर दोन माणसं ठेवा. यात तडजोड नाही.

रसायनाची धुलाई

हायपो बाजारात १० ते १२ टक्क्यांचं म्हणून मिळतं, पण उन्हात ठेवलेला कॅन महिन्याभरात बराच उतरतो. सावलीत ठेवा, आल्याची तारीख कॅनवर लिहा. खालचे हिशेब १० टक्के धरून आहेत.

साप्ताहिक धुलाई फक्त उलटा प्रवाह सहन करणाऱ्या होलो फायबरला. ३०० ते ५०० पीपीएमचं द्रावण परमिएटच्या बाजूने हळूहळू आत सोडायचं, साधारण दर चौरस मीटरला २ लिटर. ९०० चौरस मीटरला १,८०० लिटर. ५०० पीपीएमसाठी त्यात ९ लिटर हायपो. सगळं एकदम न सोडता थोडं सोडा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा सोडा. एकूण ४५ मिनिटं ते तासभर. त्या वेळी परमिएट पंप आणि मेम्ब्रेनची हवा बंद.

फ्लॅट शीटला पंपाने उलटा दाब दिला तर शीट फुगून प्लेटपासून सुटते. तिथे रसायन फक्त उंचीने सोडायचं, आणि रसायनाची टाकी पाण्याच्या पातळीपासून मीटरभरापेक्षा उंच नको. ०.८ चौरस मीटरच्या एका शीटला साधारण ३ लिटर, ०.५ टक्के हायपो, दोन तास मुरू द्यायचं. हे दर आठवड्याला नाही, साधारण सहा महिन्यांनी.

मोठी धुलाई, म्हणजे टाकी रिकामी करून भिजवणं, पर्मिएबिलिटी सुरुवातीच्या निम्म्यावर आली किंवा टीएमपी मॅन्युअलच्या मर्यादेजवळ गेला तरच. क्रम असा:

१. सुरू करण्याआधी फ्लक्स, टीएमपी, तापमान लिहा.
२. टाकी रिकामी करा, गाळ धुऊन काढा, केस काढा. गाळ राहिला तर क्लोरीन त्यालाच खर्ची पडतं.
३. शक्य तितकं मऊ पाणी भरा. ४ घनमीटरच्या टाकीत २,००० पीपीएमसाठी ८० लिटर हायपो.
४. परमिएट पंपाने पंधरा मिनिटं पाणी ओढून त्याच टाकीत परत सोडा, म्हणजे रसायन छिद्रांच्या आत पोचेल.
५. ६ ते ८ तास भिजू द्या. अर्ध्या तासाने क्लोरीन तपासा. निम्म्यावर आलं असेल तर दुसरी पायरी नीट झालेली नाही.
६. उरलेलं क्लोरीन मोजा. दर किलोला दीड किलो सोडियम बायसल्फाइट घालून मारा. ४ घनमीटरमध्ये १,००० पीपीएम उरलं असेल तर ४ किलो क्लोरीन, म्हणून ६ किलो. मग ते पाणी थोडंथोडं इक्वलायझेशनमध्ये (येणारं सांडपाणी आधी साठतं त्या टाकीत) सोडा.
७. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा आणि स्वच्छ पाण्यातच पर्मिएबिलिटी मोजा. किती परत आलं ते इथेच कळतं.
८. गाळ भरून निम्म्या फ्लक्सने सुरू करा. पहिल्या पंधरा मिनिटांचं परमिएट इक्वलायझेशनकडे वळवा.

हायपो आणि ॲसिड कधीही एकत्र येता कामा नयेत, एकाच लाइनमध्ये उरलेल्या थेंबांनाही नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. मधे पूर्ण धुलाई, दोन्हींचे डोसिंग पंप वेगळे, कॅन वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या ट्रेमध्ये.

आता मेम्ब्रेनच्या आयुष्याचा हिशेब. २,००० पीपीएममध्ये ८ तास म्हणजे १६,००० पीपीएम-तास. वर्षातून दोनदा केलं तर ३२,०००. दर महिन्याला केलं तर १,९२,०००. मेम्ब्रेन किती पीपीएम-तास सहन करते ते मॅन्युअलमध्ये असतं. लॉगबुकमध्ये त्याची चालू बेरीज ठेवा. कमिटीला ‘दर महिन्याला सीआयपी’ का नको, हे पटवायला एवढा एक रकाना पुरतो.

क्षार

बोअरवेल किंवा उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत कॅल्शियम कार्बोनेटचा थर हमखास बसतो. पाणी जड असतंच, वर एअरेशनमुळे कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि चुना बाहेर पडतो. मेम्ब्रेन टाकीचा पीएच ८ च्या वर राहत असेल तर संशय घ्या.

खात्री करायला फायबर किंवा शीटवरून नखाने थोडा थर खरवडा. बोटांना बुळबुळीत लागला तर जैविक. खरखरीत लागला आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या थेंबाने फसफसला तर कार्बोनेट. तांबूस-नारिंगी डाग पडत असेल तर लोह. कार्बोनेट आणि लोह या दोन्हीसाठी सायट्रिक ॲसिड १ टक्का, म्हणजे ४ घनमीटरला ४० किलो, पीएच २ ते ३ मध्ये, २ ते ४ तास. भिजताना पीएच चढला तर क्षार विरघळतोय. थोडं ॲसिड वाढवा. एरवी आधी हायपो, मग ॲसिड असा क्रम असतो, पण क्षार किंवा लोह स्पष्ट दिसत असेल तर ॲसिड आधी. लोहाला आधी हायपो दिलं तर ते ऑक्सिडाइज होऊन आणखी घट्ट बसतं.

तेल आणि फेस

आत येणाऱ्या पाण्यात तेल-ग्रीस ५० पीपीएमच्या आत हवं. हॉटेलच्या किंवा क्लबहाउसच्या किचन लाइनवर ग्रीस ट्रॅप असतो, तो भरून वाहत असेल तर नसल्यासारखाच. आठवड्याला साफ करा, फराळाच्या दिवसांत रोज झाकण उघडून बघा. फेस आला तर पाण्याचा फवारा मारा. सिलिकॉनचं अँटीफोम कधीही टाकू नका. सिलिकॉन मेम्ब्रेनवर बसतं आणि हायपोने, ॲसिडने, कशानेच नीट निघत नाही. हाउसकीपिंगच्या ठेकेदारालाही हे सांगून ठेवा, कारण अँटीफोमचा डबा बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येतो.

टीएमपी एकदम छान दिसायला लागला तर

काहीही न करता टीएमपी उतरला आणि परमिएट गढूळ आलं तर फायबर तुटलेत किंवा शीट फाटली आहे. चांगल्या मेम्ब्रेनचं परमिएट १ एनटीयूच्या (गढूळपणाच्या एककाच्या) खालीच असतं. फ्लॅट शीटमध्ये प्रत्येक शीटची पारदर्शक नळी टॉर्चने बघा, गढूळ नळीवाली शीट सापडते. ती बदलता येईपर्यंत तिची नळी काढून दोन्ही तोंडं बुचाने बंद करा. होलो फायबरमध्ये मॉड्यूल एकेक करून बंद करा आणि कोणतं बंद केल्यावर पाणी स्वच्छ होतं ते बघा. मग ते स्वच्छ पाण्यात बुडवून मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमी दाबाची हवा परमिएटच्या बाजूने सोडा. बुडबुड्यांची धार जिथून येते तो फायबर हेडरजवळ कापून, कंपनी देते त्या पिनने किंवा गोंदाने बंद करायचा.

मेम्ब्रेन बदलायची वेळ आली का, हे एका धुलाईवरून ठरवू नका. हायपो आणि ॲसिड दोन्ही नीट झाले, केस निघाले, हवा सगळीकडे सारखी आहे, फिल्टर पेपर चाचणीत गाळ चांगला ठरतोय, आणि तरीही स्वच्छ पाण्यातली पर्मिएबिलिटी सुरुवातीच्या निम्म्यावर येत नाही किंवा आली तरी आठवड्याभरात कोसळते, असं लागोपाठ दोन वेळा झालं तर कोटेशन मागवा. मागवताना क्षेत्रफळ आहे तेवढंच मागू नका. गर्दीच्या दिवसाचा तासाचा प्रवाह मोजा आणि एक ट्रेन धुलाईसाठी बंद असतानाही फ्लक्स १८ एलएमएचच्या आत राहील एवढं क्षेत्रफळ टाकीत मावतं का, ते पुरवठादाराकडून लेखी घ्या.